रिमफायर काडतुसे मोजून निवडल्याने ग्रुप सुधारतो का? ५० काडतुसांत उत्तर काढण्याची रीत

५० मीटर रायफलच्या निशाण्यावर १० च्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत ८ मिमीने वाढते. दशांशात गुण मोजले जातात तेव्हा ०.१ गुण म्हणजे कागदावर ०.८ मिमी. प्रोनच्या (पालथे पडून झाडायच्या) ६० गोळ्यांत प्रत्येक गोळी सरासरीने फक्त ०.४ मिमी आत आली, तरी एकूण ३ गुण वाढतात. पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) पात्रता फेरीत कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसळे ५९० गुणांवर अंतिम फेरीत गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. इंदूरशेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ वर बाहेर राहिला. फरक एवढा बारीक असेल तर काडतुसे रिमच्या, म्हणजे बुडाच्या कडेच्या, जाडीनुसार किंवा वजनानुसार वेगळी करावीत, असे वाटणे साहजिक आहे. इंदूर आणि महूकडच्या रेंजवर हा प्रश्न नेहमी निघतो.

आमचे मत आधीच सांगतो. लॉट (एकाच खेपेत बनलेली काडतुसे) चांगला आणि रायफल धडधाकट असेल तर मोजून वेगळे केल्याने मिळणारा फायदा बहुतेक वेळा दिसण्याइतकाही नसतो. स्वस्त काडतुसांत किंवा फायरिंग पिनचा मार कमजोर झालेल्या रायफलमध्ये तो दिसू शकतो. पण तुमच्या रायफलचे उत्तर तुमच्या रायफलनेच द्यायला हवे आणि ते मिळवायला हजार गोळ्या लागत नाहीत.

मोजमापाने काय कळते, काय कळत नाही

.२२ लाँग रायफलच्या काडतुसात पेटवणारे मिश्रण रिमच्या घडीत असते. फायरिंग पिन रिमला चेंबरच्या कडेवर चेपते, मिश्रण पेटते, त्यातून दारू पेटते. अमेरिकी मानकानुसार रिमची जाडी ०.९१ ते १.०९ मिमी असू शकते आणि चेंबरमध्ये रिमसाठी किमान १.०९ मिमी जागा लागते. रिम पातळ असेल तर काडतूस चेंबरमध्ये थोडे मोकळे बसते. पिनच्या माराचा काही भाग ते पुढे ढकलण्यात जातो आणि चेपणे कमी पडते. पेटण्यातला हा फरक वेगात उतरतो, आणि वेगातला फरक निशाण्यावर वर-खाली दिसतो.

किती दिसतो, त्याचा हिशेब करता येतो. ३२७ मी/से वेगाने निघालेल्या ४० ग्रेनच्या गोळीला ५० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती सुमारे १२ सेंमी खाली येते. वेग १ टक्क्याने, म्हणजे ३ मी/सेपेक्षा किंचित जास्त, बदलला की हा उतार २ टक्क्यांनी बदलतो. म्हणजे कागदावर सुमारे अडीच मिमी. नळीच्या कंपनामुळे प्रत्यक्षात यात थोडे कमी-जास्त होते, पण अंदाजाला एवढे पुरे.

आता जे मोजताच येत नाही ते. रिममध्ये मिश्रण सगळीकडे सारखे पसरले आहे का, दारू नेमकी किती आहे, गोळीच्या बुडाची कड शाबूत आहे का, क्रिंपची, म्हणजे केसच्या (पितळी नळकांड्याच्या) तोंडाची, गोळीवरची पकड किती आहे, यातले काहीही बाहेरून दिसत नाही. मिश्रण ओले असताना केसमध्ये घालून, केस फिरवून ते रिममध्ये पसरवतात. तिथेच पातळ-जाड झाले तर डायल गेजला त्याचा पत्ता लागत नाही. आमच्या मते वेगातल्या चढउताराचा मोठा वाटा इथेच असतो.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा निर्णय तिच्यावर आहे. फैलावाची कारणे सरळ बेरजेने जुळत नाहीत, त्यांचे वर्ग जुळतात. रिमच्या जाडीमुळे होणारा फैलाव एकूण फैलावाच्या पाचव्या भागाएवढा असेल आणि तुम्ही तो पूर्णपणे काढून टाकला, तरी एकूण फैलाव २० टक्क्यांनी कमी होत नाही, जेमतेम २ टक्क्यांनी होतो. तो निम्म्याएवढा असला तर १३ टक्के. म्हणून छोटी कारणे दूर करण्यात वेळ घालवण्याआधी मोठी दूर करायची.

आधी रायफल आणि लॉट

गेज विकत घेण्याआधी चार गोष्टी तपासा. ॲक्शनचे स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर हवेत. फायरिंग पिनची स्प्रिंग जुनी असेल तर बदला. झाडलेल्या केसच्या रिमवरच्या खुणा सारख्या खोलीच्या नसतील तर दोष तिथे शोधा. बोल्टच्या तोंडावर साचलेले मेण काढा, कारण मेणाचा थरही रिमची बैठक बदलतो. चेंबरच्या पुढे, केसचे तोंड येते तिथे, जळक्याचे कडक कडे तयार होते. ते राहिले की गोळी आत जाताना ओरबाडते आणि ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा घोळका, हळूहळू मोठा होत जातो. अनेकांना वाटते की लॉट खराब झाला.

मग लॉट. त्याच ब्रँडचे, त्याच किमतीचे दोन लॉट एकाच नळीतून वेगवेगळे वागतात, आणि हा फरक मोजून वेगळे केल्याच्या फायद्यापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस हे सगळे लॉट क्रमांक देतात. एलीच्या डब्यावर लॉटसोबत वेगही छापलेला असतो. तीन ते पाच लॉटचा एकेक डबा मिळवा, प्रत्येकाच्या किमान ४० गोळ्या बेंचवरून झाडा, आणि जो चांगला निघेल तो परवान्यावर बसतील तेवढा एकदम घ्या. ब्रँड बदलताना पहिल्या २० ते २५ गोळ्या हिशेबात धरू नका. नळीत आधीच्या ब्रँडचे मेण असते, नवे बसायला तेवढ्या लागतात.

आपल्याकडे काडतुसे कोट्याने मिळतात. परदेशी शूटर पेट्यांवर पेट्या झाडून उत्तर शोधतो, तसे करणे इथे परवडत नाही. म्हणून पुढची चाचणी कमी गोळ्यांत बसवली आहे.

गेज करून घेणे

तयार रिम गेज मिळते, पण लेथवर करून घेतलेलेही तितकेच चांगले चालते. इंदूरमध्ये सांवेर रोड किंवा पोलोग्राउंडकडचा कोणताही बरा टर्नर हे अर्ध्या तासात करून देईल. त्याच्याकडे जिवंत काडतूस कधीही नेऊ नका, नमुन्याला झाडलेली रिकामी केस न्या.

२५ मिमी व्यासाचा पितळी बार घ्या, ३० मिमी लांब. मधून ५.८ मिमी ड्रिलने आरपार छिद्र. केसचा व्यास जास्तीत जास्त ५.७४ मिमी असतो आणि ड्रिलचे छिद्र थोडे मोठेच पडते, त्यामुळे काडतूस अडकत नाही. महत्त्वाचे म्हणजे छिद्र पाडणे आणि वरचा पृष्ठभाग फेस करणे ही दोन्ही कामे बार चकमधून न काढता व्हायला हवीत. बार काढून पुन्हा पकडला की पृष्ठभाग छिद्राला काटकोनात राहत नाही आणि काडतूस फिरवले की आकडा नाचतो. छिद्राच्या तोंडाची धार अगदी हलकी मारायची, ०.२ मिमीपर्यंत. जास्त मारली तर रिमला टेकायला जागा उरत नाही.

वर डायल गेज लागेल, ०.०१ मिमी लीस्ट काउंटचे, आणि त्याला ८ ते १० मिमीचे सपाट टोक. गोल टोक केसच्या मध्यावर किंवा बुडाच्या शिक्क्याच्या खाचेत टेकते आणि चुकीचा आकडा देते. पितळेला चुंबक धरत नाही, तेव्हा मॅग्नेटिक स्टँड लोखंडी प्लेटवर ठेवून ब्लॉक त्याच प्लेटवर ठेवा. डायल आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पट्ट्या) सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांत विचारा.

सपाट टोक ब्लॉकच्या पृष्ठभागावर टेकवून शून्य लावा. छिद्रापेक्षा टोक मोठे असल्याने ते आत जात नाही. मग १.०० मिमीची फिलर पट्टी छिद्रावर ठेवून आकडा बघा. तो १.०० आला तर गेज खरे बोलते. आता काडतूस टोकाकडून छिद्रात सोडा, रिम पृष्ठभागावर टेकेल, डायल खाली सोडा. आकडा म्हणजे थेट रिमची जाडी.

डिजिटल व्हर्नियरने हे काम होत नाही. चांगल्या कंपनीच्या व्हर्नियरचीही अचूकता ±०.०२ मिमी असते आणि आपल्याला ०.०२५ मिमीचे गट करायचे आहेत.

हाताची परीक्षा

वेगळे करण्याआधी गेजची आणि हाताची परीक्षा घ्या. दहा काडतुसांना साच्यात क्रमांकाने ठेवा, मोजा, लिहा. कागद उलटा ठेवून दुसऱ्या क्रमाने पुन्हा मोजा, आणि मग तिसऱ्यांदा. एकाच काडतुसाचे तीन आकडे ०.०१ मिमीच्या आत असले पाहिजेत. ०.०२ चा फरक पडत असेल तर ०.०२५ चे गट हा केवळ भास आहे. अशा वेळी कारण सहसा रिमखाली गेलेले मेण असते. दर २०-२५ काडतुसांनंतर ब्लॉकचा पृष्ठभाग कोरड्या सुती कापडाने पुसा. काडतूस मात्र पुसायचे नाही. गोळीवरचे मेण गेले की ती गोळी बाकीच्यांसारखी उडणार नाही.

काडतुसे एका काडतुसाला दहा सेकंद या हिशेबाने मोजा. ५०० ला दीड तास लागतो. स्वच्छ, कोरड्या बोटांनी केसला धरा, गोळीला नको. मे महिन्यात दुपारी हे काम करू नका. चाळिशीच्या पुढच्या उष्म्यात मेण मऊ पडते आणि बोटाला लागते. डायलच्या स्प्रिंगचा दाब रिमला काही करत नाही, पण काडतूस शिकंज्यात किंवा व्हर्नियरच्या जबड्यात आवळू नका, पाडू नका, आणि जवळपास देवाचा दिवा किंवा गॅस नको. जे मिश्रण पेटायचे आहे ते नेमके रिममध्येच आहे.

चांगल्या टार्गेट लॉटमध्ये बहुतेक काडतुसे ०.०३ ते ०.०५ मिमीच्या पट्ट्यात येतात, साध्या काडतुसांत पट्टा ०.१ मिमीपर्यंत जातो. ५०० मोजलीत की मधला मोठा गट आणि दोन्ही टोकांचे छोटे गट आपोआप दिसतात. प्रत्येक गटाला वेगळा डबा, त्यावर लॉट क्रमांक आणि जाडी.

५० काडतुसांची चाचणी

लोक सहसा निवडलेल्या गोळ्यांचे पाच ग्रुप आणि न निवडलेल्यांचे पाच ग्रुप झाडतात, सरासरी काढतात आणि निकाल सांगतात. यातून काहीच सिद्ध होत नाही. पाच गोळ्यांच्या ग्रुपचा आकार निव्वळ योगायोगाने सरासरीच्या एक चतुर्थांशाने इकडे-तिकडे होतो. सरासरी ११ मिमी असेल तर एकाच डब्यातून ८ आणि १४ मिमीचे ग्रुप येणारच. या गोंधळात दोन्ही बाजूंना ५० गोळ्या झाडल्या तर सुमारे २० टक्क्यांपेक्षा लहान फरक ओळखता येत नाही. १० टक्के ओळखायचे तर दोन्ही बाजूंना २०० गोळ्यांच्या आसपास लागतात.

कमी गोळ्यांत उत्तर हवे तर प्रश्न जरा वेगळा विचारा: सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड रिमची काडतुसे वेगवेगळ्या उंचीवर लागतात का? रिमच्या जाडीचा काही परिणाम असेल तर तो टोकांच्या दोन गटांत सर्वांत ठळक दिसेल.

मोजलेल्यांतून सर्वांत पातळ २५ आणि सर्वांत जाड २५ काढा. एका कागदावर दहा बुल्स (निशाण्याचे काळे गोल) छापा. दुसऱ्या कुणाला तरी, खूण न दाखवता, पाच-पाचच्या दहा पुड्या करायला सांगा आणि कोणत्या पुडीत काय आहे याची चिठ्ठी त्यांच्याकडेच ठेवा. झाडणाऱ्याला माहीत असले तर पातळ रिमच्या गोळीला ट्रिगर वेगळा पडतो, आणि हे प्रामाणिक शूटरच्याही हातून होते. पुड्यांचा क्रम पातळ, जाड, जाड, पातळ किंवा नेमका उलटा ठेवायला सांगा, कोणता ते त्यांनीच ठरवावे, म्हणजे नळी तापणे आणि प्रकाश बदलणे दोन्ही गटांना सारखे मिळेल.

बेंचवरून, पुढे-मागे पक्क्या सॅंडबॅगवर, स्कोप लावून झाडा. माळव्याच्या पठारावर दुपारी वारा उठतो. सकाळी लवकर उरका. तरी वारा आला तर आडव्या फैलावाकडे दुर्लक्ष करा, आपल्याला उंची हवी आहे. हिवाळ्यात अगदी गार पहाट टाळलेली बरी. १० अंशांना आवाजाचा वेग सुमारे ३३७ मी/से असतो, ४० अंशांना ३५५. गारठ्यात तुमच्या जलद गोळ्या आवाजाच्या वेगाच्या फार जवळ जातात आणि रिमशी संबंध नसलेला गोंधळ आकड्यांत शिरतो.

प्रत्येक छिद्राची बुलच्या मध्यापासून उभी उंची मिमीमध्ये लिहा. वर अधिक, खाली उणे. २५ पातळ आणि २५ जाड गोळ्यांची सरासरी वेगवेगळी काढा. चांगल्या लॉटच्या दहा गोळ्यांचा ग्रुप बेंचवरून साधारण १४ मिमी असतो. अशा रायफलमध्ये या दोन सरासऱ्यांत २ मिमीपर्यंतचा फरक योगायोगानेही येतो. तेव्हा:

फरक २ मिमीपेक्षा कमी असेल तर गेज कपाटात ठेवा. टोकाच्या गटांतच एवढा फरक असताना मधल्या गर्दीत तो आणखी लहान असणार आणि एकूण फैलावात तो तीन-चार टक्क्यांच्या वर जात नाही.

फरक ४ मिमीच्या पुढे असेल आणि पातळ रिमच्या गोळ्या खाली लागत असतील तर आनंदाने निवडायला बसू नका. ही पेटण्याची तक्रार आहे. हेडस्पेस (बोल्ट आणि चेंबरच्या मधली रिमची जागा) आणि पिनची स्प्रिंग गनस्मिथला दाखवा. दुरुस्त रायफल पातळ आणि जाड दोन्ही रिम सारखी पेटवते, आणि हा फायदा प्रत्येक लॉटला मिळतो, फक्त निवडलेल्या डब्याला नाही.

२ ते ४ च्या मध्ये आले तर आणखी ५० गोळ्या झाडून दोन्ही दिवसांचे आकडे एकत्र करा. सरासरी जवळजवळ सारखी पण पातळ गटाचा उभा फैलाव जाड गटाच्या दीडपट असेल, तरी पुन्हा झाडून बघा. तेही पेटण्याच्याच अस्थिरतेचे लक्षण असू शकते.

क्रोनोग्राफ मिळत असेल तर काम आणखी सोपे. २० पातळ आणि २० जाड गोळ्यांचा वेग मोजा. सरासरीत २ मी/सेपेक्षा जास्त फरक आला तर तो खरा मानायला हरकत नाही. वर दिलेल्या हिशेबाने ते ५० मीटरवर सुमारे दीड मिमी होते.

वजन, लांबी आणि वाकडेपणा

वजनाने वेगळे करणे आम्ही सुचवत नाही. अख्खे काडतूस सुमारे ३.३ ग्रॅमचे असते. त्यात गोळी २.५९ ग्रॅम, पितळ त्याच्या पाव भागाएवढे आणि दारू जेमतेम १ ते दीड ग्रेन, म्हणजे ०.१ ग्रॅमच्या आत. ज्या दारूचा वेगावर परिणाम होतो तिचा चढउतार पितळ आणि शिशाच्या चढउतारात बुडून जातो. काटा जास्त दाखवतो तेव्हा जास्त काय आहे ते कळत नाही. तरीही करायचे असेल तर ०.००१ ग्रॅमचा सराफी काटा लागेल आणि पंखा बंद ठेवावा लागेल. गटापासून ०.०६ ग्रॅमने वेगळी पडलेली तेवढी बाजूला काढा, त्यापुढे जाऊ नका.

गोळीच्या खांद्यापर्यंतची लांबी हे तुलनेने अर्थपूर्ण मोजमाप आहे, कारण मॅच चेंबरमध्ये गोळी राइफलिंगला (नळीतल्या पेचदार खाचांना) टेकते. पण ते मोजताना गोळीवरचे मेण आणि मऊ शिसे दोन्ही दुखावतात. सरळ पृष्ठभागावर लोळवून डोलणारी, वाकडी किंवा ठेचलेली काडतुसे काढून टाकण्यात मात्र पूर्ण फायदा आहे आणि त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. वाकडे काडतूस सरळ करायचा प्रयत्न करू नका. ठेचलेल्या रिमचे काडतूस कचऱ्यात टाकू नका, रेंज अधिकाऱ्याकडे द्या आणि परवान्याच्या हिशेबात ते दिसू द्या.

निवड फायद्याची ठरली तर किती मिळते

समजा तुमच्या रायफलमध्ये निवडीने बेंचवरचा ग्रुप खरोखर १० टक्क्यांनी लहान होतो, आणि हे मोठे यश आहे. रायफल-काडतुसाचा फैलाव प्रमाण विचलनात ३.७ मिमी आणि तुमच्या हाताचा ५ मिमी धरा. वर्ग करून जोडले तर एकूण ६.२ मिमी. निवडीनंतर ६.०. म्हणजे कागदावर साडेतीन टक्के, प्रोनच्या ६० गोळ्यांत सुमारे २ गुण. पूर्ण गुणांच्या थ्री पोझिशनमध्ये त्याहून कमी. हाताचा फैलाव ५ वरून साडेचारवर आणला तर याहून जास्त गुण मिळतात. ज्याचा हात ३ मिमीवर आला आहे आणि ज्याला चांगला लॉट मिळत नाही, त्याने निवड जरूर करावी.

२५ मीटर पिस्तुलात १० च्या वर्तुळाचा व्यास ५० मिमी असतो. तिथे हे मोजमाप करू नका.

निवड करणाऱ्याने सायटरसाठी, म्हणजे मॅचआधी सायट जुळवायच्या गोळ्यांसाठीसुद्धा, मॅचच्याच गटाची काडतुसे वापरावीत. पातळ किंवा जाड गटाने सायट लावली आणि मॅच मधल्या गटाने झाडली तर जो फरक काढायला एवढा खटाटोप केला, तोच पहिल्या गोळीत परत येतो. टोकाचे गट नळी साफ केल्यानंतरच्या पहिल्या २०-२५ गोळ्यांना लावा, तिथे ते कामी येतात.